आधी जा, मग ये

यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये पापांगीकार म्हणता म्हणता माझा आवाज बसला. सगळी मंडळी एका सुरात म्हणत होती, आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केले आहे. तीस वर्षं मी हे म्हणत आलेय. त्या दिवशी ‘आम्ही’ हा शब्दच घशात अडकला. माझं पाप ‘आम्ही’ केलेलं नव्हतं. मी एकटीने केलं होतं, आणि ते घरी कपाटात, आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवलेलं होतं.

आई गेली तेव्हा तिच्या दोन पाटल्या माझ्याकडे होत्या. दवाखान्याच्या बिलात दोन्ही गेल्या, असं मी ताईला सांगितलं. गेली होती एकच.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून मी एकही प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, चुकवलं नाही. लेंटमध्ये मटण बंद ठेवलं. गुड फ्रायडेला वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे येशूचे शेवटचे उद्गार, ऐकताना रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच हे लिहितेय. रडू खरं असतं आणि पाटली तरीही कपाटातच राहते.

आपल्या मराठी शब्दानेही थोडा घोळ होतो असं मला वाटतं. पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप. ताप झाला, डोळे पुसले, की झालं असं आपण धरून चालतो. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आहे, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातले संदेष्टे हिब्रूत ‘शूव’ म्हणतात, म्हणजे मागे फिर. त्यात पाय उचलावे लागतात. आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडवर राहणारी माणसं, ‘शरण’ शब्द रोज पत्त्यात लिहितो. शरणसुद्धा जावं लागतं, घरी बसून होत नाही.

पाळकसाहेब दरवेळी सांगतात, प्रभुभोजनाला अंतःकरण तयार करून या. ती तयारी कशी असते हे मला दिंडोरीकडे मावसभावाच्या द्राक्षबागेत कळलं. मार्चअखेर माल निघतो आणि एप्रिलमध्ये लगेच खरड छाटणी. हिरवीगार वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या जुन्या फांदीपर्यंत, छाटून टाकतात. नवख्या माणसाला वाटेल बाग गेली. पण त्यानंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, उन्हाळ्यातच पुढच्या घडाची निर्मिती होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड दिसतो, तो आधीच ठरलेला असतो. एप्रिल चुकवला तर ऑक्टोबरात कात्री कितीही चालवा, नुसता पालाच. आणि ही छाटणी दरवर्षी करावी लागते. ‘मला तर तारण झाल्याचा, पापातून सुटल्याचा अनुभव आहे’ म्हणणाऱ्या आपल्या भावाबहिणींना मी हे हात जोडून सांगते.

यावर कुणी म्हणेल, मग क्षमा काय कर्मांनी मिळवायची? नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची बायबलमधली गोष्ट नीट वाचा. तो उंबराच्या झाडावर असतानाच येशू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. चौपट परत देईन हे तो नंतर बोलला. क्षमा आधी दारात आली, म्हणून तिजोरी उघडली. पण उघडली! आपल्याकडे ती गोष्ट संडे स्कूलमध्ये झाडापाशीच संपते, याचं मला वाईट वाटतं.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर प्रभू वेदीपासून माणसाला माघारी पाठवतो. अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये.

गेल्या शनिवारी मी ओझरला गेले. ताई भाजी निवडत होती. अर्धा वाटा तिचा होता, मी अख्खी पाटली तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं गं.” म्हणजे सहा वर्षं ती हे मनात घेऊन माझ्या घरी नाताळच्या करंज्या खायला येत होती. तिने पाटली हातात घालून पाहिली. ती अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकली. “आईचा हात बारीक होता,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मीही मागे लागले नाही, तो तिचा हक्क आहे. फोन अजून पूर्वीसारखे येत नाहीत.

या रविवारी प्रभुभोजन आहे. ताईला, माझ्याबरोबर येतेस का, असं विचारलंय.