उत्तर: ‘पिल्सनरला लोण्याचा वास, गव्हाच्या बियरमध्ये एसेन्स’

नमस्कार. आमच्या आसगावच्या ब्रुअरीच्या बियरबद्दल तुमच्या तक्रारी चार: पिल्सनर या फिकट बियरला लोण्याचा वास, गव्हाची बियर गढूळ, तिच्यात केळ्याचा एसेन्स, आणि घरी नेलेली लिटरची बाटली दुसऱ्या दिवशी मिळमिळीत.

पिल्सनरबाबत तुमचं नाक बरोबर आहे. तो वास डायॲसिटिल या संयुगाचा. यीस्टचं काम पुरतं व्हायच्या आत बियर थंड केली तर तो येतो, नाहीतर टॅपच्या लाइनमध्ये, म्हणजे नळापर्यंतच्या पाइपात, जिवाणू बसले तर. नेमकं काय झालं हे बघायला आम्ही टाकीतून दोन ग्लास काढले. एक झाकून 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवला, दुसरा थंडच. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगले. फक्त तापवलेल्याला वास आला असता, तर फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टचं काम, अपुरं. दोन्ही स्वच्छ निघाले. वास होता तो टॅपवरून भरलेल्या ग्लासात. टॅप खोलला तर आतल्या रबरी वॉशरवर बोटाला बुळबुळीत लागणारा थर. लाइन दर 14 दिवसांनी धुतली जात होती, पण टॅप न उघडता, आणि नुसतं कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं पाणी) फिरवून असा थर सुटत नाही. चूक आमची. आता दर आठवड्याला 2 टक्के कॉस्टिक 40 अंशांवर 15 मिनिटं फिरवतो, पीएच पट्टी साध्या पाण्याइतकीच दाखवेपर्यंत खळबळतो आणि टॅप सुटा करून ब्रशने घासतो.

एसेन्सचा आरोप मात्र मान्य नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, आणि ते जर्मन वाइझन, म्हणजे गव्हाच्या बियरचं, यीस्टच तयार करतं. आमच्या मिश्रणात 55 टक्के गव्हाचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेला गहू) असतं. मॅश (गरम पाण्यात कालवलेलं मॉल्ट) 44 अंशांवर 15 मिनिटं थांबवतो, म्हणजे लवंगेसारखा वास उठतो, आणि फर्मेंटेशन 19-20 अंशांवर करतो. 24 च्या वर गेलं की केळं सगळ्यावर स्वार होतं. सोबतच्या, घरी बियर बनवणाऱ्या मित्राच्या गव्हाच्या बियरला हा वास येत नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी कुठलं यीस्ट घातलं ते विचारा. अमेरिकन एल यीस्ट असेल तर केळं जवळपास नसणारच. ती वेगळी शैली, आणि चांगलीही. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि यीस्टचा. गाळून टाकला तर निम्मी चव त्याच्याबरोबर जाते.

बाटलीचं असं, की 4 अंशांवर तिच्यात साधारण 0.8 बार दाब असतो. तीच बंद गाडीत 30 अंशांवर गेली की दोन बारच्या वर. तशी उघडली की फेस उसळतो आणि गॅस निघून जातो. आसगावहून मडगावपर्यंत बर्फाशिवाय नेली तर हेच होणार. अर्धी पिऊन पुन्हा झाकण लावलं तरी सकाळी ती मिळमिळीतच लागते, कारण रिकाम्या जागेत गॅस निघून बसतो. आम्ही थंड बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडून, तळापर्यंत नळी घालून भरतो, पण पुढची काळजी लेबलवर छापलेली नव्हती. आता छापली आहे: बर्फात न्या, 48 तासांत संपवा, उघडली की एका बैठकीत.

पिल्सनरचे पैसे परत देतो, बिल दाखवलं की पुरे. आलात तर टाकीतला आणि टॅपचा ग्लास शेजारी शेजारी मागा आणि मित्रालाही आणा.