बरणीच्या बुडावरच्या ‘बी एल’ शिक्क्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. साळगावच्या आजोळच्या घरातली बरणी तुम्ही आमच्या पणजीच्या दुकानात तपासायला आणलीत. बुडावर चौकटीत ‘बी एल’ अशी इंग्रजी अक्षरं होती, मोबाइलवर शोधल्यावर बर्नार्ड लीच या नामांकित इंग्रज कुंभाराचं नाव मिळालं होतं, आणि आम्ही ते नाव कागदावर लिहून द्यायला नकार दिला. ‘पाचशे रुपये घेतले आणि बूड तेवढं उलटसुलट पाहिलं. एक तर यांना कळत नाही, नाहीतर बरणी स्वस्तात लाटायची आहे,’ असं तुम्ही लिहिलंय आणि एक तारा दिलाय.

लाटण्याबद्दल आधी सांगतो. तपासायला आलेली वस्तू आम्ही विकत घेत नाही, हा दुकानाचा नियम आहे आणि तो काउंटरवर लावलेला आहे. तुमच्याशी किमतीचा विषय आम्ही काढलाच नाही. पाचशे रुपये तपासणीचे होते. उत्तर मनासारखं आलं असतं तरी तेवढेच घेतले असते.

आता बरणी. लीच यांनी शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर 1920 साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्ह्ज या गावी पॉटरी, म्हणजे भांडी घडवण्याची कार्यशाळा, उभी केली. तिथल्या भांड्यांवर पॉटरीचा स्वतःचा शिक्का असतो: एस आणि आय एकमेकांत गुंतलेले, सोबत दोन ठिपके. लीच यांच्या हातच्या भांड्यावर त्यांची ‘बी एल’ ही अक्षरं येतात, बहुतेकदा पॉटरीच्या शिक्क्याच्या सोबतीला. तिथून रोजच्या वापराची जी हजारो भांडी बाहेर पडली, ती तिथल्या कारागिरांनी घडवलेली होती आणि त्यांच्यावर नुसता पॉटरीचा शिक्का असे. म्हणजे सेंट आइव्ह्जचा अस्सल मग हातात असला तरी तो लीच यांनी स्वतः घडवला असं म्हणता येत नाही. तुमच्या बरणीवर तर पॉटरीचा शिक्काही नाही.

तेवढ्यावरून आम्ही नाही म्हटलं नसतं, शिक्का सुटूही शकतो. पण बुडावर आणखी बरंच काही होतं. स्टुडिओत कुंभार शिक्का मारतो तो माती अर्धवट वाळलेली असताना. दाबाने माती किंचित सरकते, शिक्क्याच्या कडेला बारीक उंचवटा राहतो, एक बाजू खोल आणि दुसरी उथळ येते. तुमच्या बरणीवरची अक्षरं सगळीकडे सारखीच खोल आहेत, कडा मऊ आहेत, आणि बाहेरच्या अंगाला दोन बाजूंना उभी, पुसट शिवण आहे. आत बोट फिरवलं तर चाकावर ओढल्याच्या वळ्या लागत नाहीत, भिंत एकाच जाडीची आहे. पातळ माती साच्यात ओतून काढलेल्या भांड्याची ही लक्षणं आहेत. अक्षरं साच्यातच कोरलेली होती.

बुडाला सगळीकडे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आहे आणि त्यात तीन बारीक टोचे आहेत. भट्टीत ग्लेझ चिकटू नये म्हणून भांडं तीन टोकांच्या तिपाईवर ठेवतात, तिच्या या खुणा. मऊ भाजणीच्या, म्हणजे कमी उष्णतेवर भाजलेल्या, भांड्यांना हे चालतं. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट होणारी भांडी, बाराशे अंशांच्या वर भाजतात, तिथे बुडाचं कडं ग्लेझविना कोरं ठेवायची रीत आहे, आणि त्याच कोऱ्या मातीवरून कुंभाराचा हात ओळखता येतो. तुमच्या बरणीला काठापाशी जिथे टवका उडालाय तिथे आम्ही पाण्याचा थेंब ठेवला आणि तो मातीने लगेच शोषून घेतला. हे तुमच्यासमोरच केलं होतं. स्टोनवेअरवर थेंब तसाच बसून राहतो. लीच यांनी सुरुवातीच्या वर्षांत मऊ भाजणीचं कामही केलं, हे मला ठाऊक आहे, आणि तेही मनात धरूनच पाहिलं. साच्यात ओतलेली पांढऱ्या मातीची बरणी त्या कामातही बसत नाही.

म्हणून कागदावर लिहिलं: साच्यातून काढलेली, मऊ भाजणीची, कारखान्याची बरणी, निर्माता निश्चित नाही. यातल्या प्रत्येक शब्दामागे बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण आहे. ‘बी एल’ ही अक्षरं जगात कितीतरी जणांची असू शकतात.

इतकी खबरदारी का, तर 1980च्या सुमारास इंग्लंडमध्ये फेदरस्टोन तुरुंगातल्या पॉटरीच्या वर्गात कैद्यांनी लीच यांच्या शिक्क्यासकट भांडी बनवली आणि ती नामांकित लिलावांपर्यंत पोहोचली. मुरलेल्या डोळ्यांनीही शिक्का पाहून होकार दिला होता. शिक्का करणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. पण खऱ्या भांड्यावरच्या शिक्क्याचा साचा घेऊन केलेली नक्कलही पकडता येते, कारण ओली माती वाळून भाजेपर्यंत साधारण दहा-बारा टक्के आकसते, आणि नव्या भांड्यावरचा शिक्का मूळापेक्षा तेवढाच लहान उतरतो. म्हणून आम्ही शिक्का मिलिमीटरमध्ये मोजतो आणि बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढतो. तुमच्या कागदासोबत तो फोटो जोडलेला आहे.

तुमच्या अभिप्रायातलं एक वाक्य मात्र मला लागलं. ‘दुकानात डिचोलीची बेवारस मडकी हजार-हजार रुपयांना लावलीत, खाली कुणाचं नाव नाही न् काही नाही.’ ताई, ती बेवारस नाहीत. डिचोलीच्या कुंभारांनी बुडावर शिक्का मारायची रीत कधी ठेवलीच नाही. मातीचा पोत, गळ्याचा वळसा, काठ कसा मुडपलाय, यावरून घर ओळखणारी माणसं आजही तिथे आहेत. घडवणाऱ्याचं नाव आम्ही घडवणाऱ्याला विचारूनच भांड्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठी मडक्याच्या आत असते, पुढच्या वेळी जरूर पाहा. हमादांनीही जपानला परतल्यावर आपल्या भांड्यांवर खूण करणं सोडलं. सही असायची ती लाकडी पेटीवर. आणि उलट बाजूही बघा. गोव्यातल्या जुन्या घरांत निळ्या-पांढऱ्या चिनी बश्या आहेत. अशा बश्यांच्या बुडावर पंधराव्या शतकातल्या छंगह्वा बादशहाचं नाव असलं, तरी त्या त्याच काळच्या असतील असं धरता येत नाही. कांगशी बादशहाच्या काळात, म्हणजे दोनशे वर्षांनंतरही, चीनचे कारागीर जुन्या कामाच्या आदरापोटी ते नाव घालत होते.

आपल्या देशातल्या स्टुडिओंची भांडीही अशीच घरांत पडून आहेत. गुरचरण सिंग यांनी 1952 साली दिल्लीत दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 साली पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी. तिथे शिकलेले कुंभार देशभर पसरले आणि प्रत्येकाने आपली खूण ठरवली. लोक ती पाहतात, कुठल्यातरी इंग्रज नावाशी जुळत नाही म्हणून भांडं मोलकरणीला देऊन टाकतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. त्या खुणा आम्ही फोटो काढून जपतो आहोत. अभिप्राय वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बुडावर अक्षरं किंवा चित्र असलेलं भांडं असेल तर ते धुवायला तार किंवा ॲसिड वापरू नका. साध्या पाण्याने पुसून, सपाट उजेडात एक आणि तिरप्या उजेडात एक असा फोटो काढून दुकानात दाखवा. नोंदीसाठी आणलेल्या भांड्याचे आम्ही पैसे घेत नाही.

तुम्हाला आमच्या कागदावर विश्वास नसेल तर बरणी दुसऱ्या जाणकाराला जरूर दाखवा आणि आमचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. शिवण, तिपाईचे टोचे आणि पाण्याचा थेंब या तिन्हींबद्दल त्यांचं मत वेगळं निघालं तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलेन. दुकान रविवार सोडून दहा ते सहा उघडं असतं.