पंख्याच्या परवान्यावर विकलेला रॉड

थंडी सुरू झाल्यावर उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या आत्यांनी, बंब पेटवणे आता होत नाही, पाणी तापवायचा रॉड आणून द्या, असे सांगितले आणि माझ्या मुलाने तो ऑनलाइन मागवला. किंमत ३४९ रुपये, चाराच्या वर तारे आणि तीन दिवसांत घरपोच.

खोके उघडल्यावर खटकला तो प्लग. रॉडवर १५०० वॅट छापलेले आणि वायरच्या टोकाला दोन पिनांचा साधा प्लग. २३० व्होल्टवर असा रॉड साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो, तर घरातले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. शिवाय तिसरी पिनच नसल्यामुळे रॉडची नळी तडकून वीज पाण्यात उतरली, तर तिला अर्थिंगची वाट मिळणार नाही, बादलीत बुडालेल्या हाताची मिळेल. गल्लीतल्या वायरमनने वायर सोलली, आतल्या मोजक्या बारीक तारा बोटावर पसरल्या आणि म्हणाला, "ही मोबाईलच्या चार्जरला चालंल, काकी, रॉडला न्हाई."

खोक्यावर आयएसआयचा छाप मात्र ठसठशीत होता. छापाखालचा सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक मी भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला. तो निघाला भलत्याच कंपनीचा, आणि तोही पंख्यांचा!

पाणी तापवायच्या रॉडला हा छाप २००३ च्या केंद्रीय आदेशापासून सक्तीचा आहे. छाप नसलेले रॉड घेऊ नका, असा इशारा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला होता. इशारा योग्यच होता. पण छाप खरा की खोटा हे सत्तरी ओलांडलेल्या बाईने कसे ओळखावे? जे मला मोबाईलवर दोन मिनिटांत कळले, ते विक्रीला जागा देणाऱ्या संकेतस्थळाला वस्तू पानावर चढवण्यापूर्वी कळायला काय हरकत होती? त्या पानावर रंग, वजन, लांबी, मूळ देश सगळे होते. परवाना क्रमांकाचा रकाना तेवढा नव्हता. विक्रेत्याकडून क्रमांक घ्यावा, तो ब्यूरोच्या नोंदींशी ताडून पाहावा आणि जुळल्याशिवाय वस्तू विक्रीला ठेवू नये, ही जबाबदारी संकेतस्थळांवर कायद्यानेच टाकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. "आम्ही केवळ मध्यस्थ" हे उत्तर मला पटत नाही, कारण गोदाम त्यांचे, खोक्यावरची चिकटपट्टी त्यांची आणि पैसेही त्यांच्याच खात्यात जमा झाले. लक्ष्मीपुरीतला दुकानदार असा माल विकताना सापडला, तर "कारखाना माझा नाही" एवढ्यावर सुटत नाही.

ताऱ्यांविषयीही थोडे लिहिते. मी बसून पन्नासेक अभिप्राय वाचले. पाणी लवकर तापते, पॅकिंग चांगले, किंमत वाजवी, असे बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात लिहिले होते. अर्थिंगचा उल्लेख एकाने केला होता आणि त्याला 'उपयुक्त' म्हणणारे दोघे होते.

पैसे चार दिवसांत परत मिळाले, हे मान्य करते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवली, आणि आठवड्याने ते पान काढल्याचे उत्तर आले. काल सहज शोधले, तर तोच फोटो, तोच दोन पिनांचा प्लग, नाव मात्र वेगळे आणि किंमत २० रुपयांनी कमी. आत्यांकडे सध्या सकाळी बंब मीच पेटवून येते.