पीटभूमीत झाडं लावून हवामान सावरत नाही

"पीटभूमी म्हणजे वाया गेलेली दलदल. चर खणून पाणी काढा, झाडं लावा. कार्बन शोषला जाईल, मिथेन थांबेल. आणि पीट काय, पुन्हा तयार होतंच!" हा दावा फार पसरला आहे, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

"जागा वाया गेली आहे."
पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोचत नाही, त्यात स्फॅग्नम मॉस (पीटभूमीत वाढणारं शेवाळ) पाणी आम्लधर्मी करतं (सामू 4 च्या आसपास). कुजणं मंदावतं आणि दरवर्षीच्या वाढीतला थोडा भाग शिल्लक राहतो. जगातली जेमतेम 3 टक्के जमीन अशी आहे, पण तिच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. 'पडीक' हा शिक्का आपल्याकडच्या सड्यांवरही (कातळपठारांवरही) असाच बसतो. कासच्या पठारावर फुलणाऱ्या दवबिंदू या वनस्पतीचे भाऊबंद युरोपातल्या पीटभूमीत वाढतात. दोन्हीकडे मातीत पोषण कमी, म्हणून कीटक खाऊन जगणाऱ्या वनस्पती.

"झाडं लावली की कार्बन वाढतो."
दाव्यातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे. कोरड्या पीटचं वजन घनमीटरला सुमारे 100 किलो आणि त्यातला निम्मा कार्बन धरला, तर 1 मीटर जाडीच्या थरात हेक्टरी 500 टन कार्बन होतो. लागवडीसाठी नांगरून सऱ्या काढल्या, चर खणले की पाण्याची पातळी उतरते, हवा आत शिरते आणि हा साठा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पुढे झाडंच पाणी ओढतात. त्यांच्या फांद्या पाऊस वरच्यावर अडवतात आणि पीटला खोल भेगा पडतात.

हा प्रयोग होऊन गेला आहे. उत्तर स्कॉटलंडच्या 'फ्लो कंट्री'त 1980 च्या दशकात करसवलतीच्या आधारावर सिट्का स्प्रूस आणि लॉजपोल पाइन ही सूचिपर्णी झाडं लावली गेली. 1988 मध्ये ती सवलत बंद झाली. नंतर फोरसिनार्डच्या राखीव क्षेत्रात लावलेली झाडं तोडून पाणी पुन्हा अडवावं लागलं. इंग्लंडच्या होम फेन या पीटभूमीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबाचं टोक तेव्हा जमिनीच्या पातळीला होतं. निचऱ्यानंतर जमीन खचत गेली आणि आज खांब सुमारे 4 मीटर उघडा आहे.

"मिथेन थांबतो."
ओली पीटभूमी मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडते, हे खरं आहे. पण मिथेन वातावरणात साधारण 12 वर्षं टिकतो. कोरड्या पीटमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. शिवाय चरांच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतच राहतो, त्यामुळे निचरा करूनही तो पुरता थांबत नाही.

"पीट पुन्हा तयार होतं."
वर्षाला सुमारे 1 मिलिमीटर. म्हणजे 1 मीटरला हजार वर्षं. आपण करू शकतो ते एवढंच, की मॉस पुन्हा वाढेल अशी परिस्थिती आणायची. त्यासाठी आधी पाणी अडवावं लागतं.

चरात बांध घालताना वरची सुकलेली, भुसभुशीत माती वापरू नये. ती भेगाळते आणि पाणी झिरपून जातं. खालचं ओलं, घट्ट पीट घेऊन उत्खनन यंत्राच्या बादलीने थराथराने दाबावं. बांध नंतर बसतो, म्हणून तो आजूबाजूपेक्षा थोडा उंच ठेवावा आणि वर हिरवी बाजू आकाशाकडे करून गवताची ढेकळं लावावीत. अंतर उतारावर ठरतं. खालच्या बांधाचं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकलं पाहिजे. अंतर जास्त पडलं तर वरच्या बांधावर पाण्याचा दाब वाढतो आणि तो फुटतो.

झाडं नुसती तोडून काम होत नाही. सऱ्या आणि भेगा मोकळ्या राहिल्या तर पाणी वाहून जातं आणि स्प्रूसची रोपं पुन्हा उगवतात. पीट खरवडून नेलेल्या उघड्या जागेवर कॅनडात वापरली जाणारी पद्धत चालते. निरोगी जागेवरून मॉसचा वरचा सुमारे 10 सेंटीमीटरचा थर घ्यायचा, तो दहापट क्षेत्रावर पसरायचा आणि वर हेक्टरी 3 टन पेंढा टाकायचा. पेंढा टाकला नाही तर कोवळे तुकडे उन्हात सुकतात. पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ राहिलं तरच हे मॉस तग धरतं, म्हणून चर आधी बुजवायचे असतात.