आत्याची गोळी सोडवणारा तो मेसेज

"डिप्रेशन हा आजारच नाही, लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. सेरोटोनिनची कमतरता हे कंपन्यांचं थोतांड. गोळ्यांचं व्यसन लागतं. आजच बंद करा, घाम गाळा." घरच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि तासगावच्या आत्यानं तीन वर्षं चालू असलेली गोळी एका रात्रीत सोडली. मी गेलो तेव्हा ती भिंत धरून मोरीकडे चालली होती. म्हणाली, "मान वळवली की डोक्यात करंट बसतोय रे." उरलेली पाकिटं बेदाण्याच्या डब्यात, तळाशी दडवलेली.

म्हणून आधी 'आजच बंद करा'बद्दल. मेंदू या गोळीशी हळूहळू जुळवून घेतो. ती अचानक काढली की चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात झटके असे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांना ते चांगले माहीत आहेत. मेसेजवाला यालाच व्यसन म्हणतो. अहो, व्यसनात तल्लफ येते, मात्रा वाढवावीशी वाटते. आत्याला तर गोळी डोळ्यांसमोर नको होती! सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून, डोस टप्प्याटप्प्यानं उतरवत सोडतात. त्याला कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. आणि हा त्रास गोळी सुटल्याचा की मूळ दुखणं उलटल्याचा, हे घरच्यांना ओळखता येत नाही. धोका तिथं आहे.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं मात्र नाइलाजानं मान्य करतो. २०२२ साली लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी झाल्यानं नैराश्य येतं याला ठाम पुरावा मिळाला नाही. 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' हे आत्याला दवाखान्यातही सांगितलं होतं. समजावायला सोपं, पण अपुरं. तिची गोळी सेरोटोनिनचं पेशींत परत शोषण काही तासांत अडवते, म्हणजे ते जास्त उरतं, उतार पडायला मात्र कित्येक आठवडे जातात. नुसती तूट भरायची असती तर एवढा वेळ का लागला असता?

पण कारण नीट उलगडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही, औषधही नाही. आपल्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीत होतं तशाच न्यू यॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात १९५२ च्या सुमारास इप्रोनियाझिड हे क्षयावरचं औषध घेणारे रुग्ण टवटवीत दिसू लागले. गुण आधी दिसला, सेरोटोनिनचा तर्क मागाहून आला. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा, १,१६,४७७ रुग्णांचा आढावा आला. त्यातली २१ च्या २१ औषधं औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक फार मोठा नाही, हेही तोच आढावा सांगतो.

राहिला घाम. आत्या पहाटे पाचला द्राक्षबागेत असायची. त्याच बागेच्या बांधावर ती एकदा ऊन चढेपर्यंत बसून राहिली, हातात विरळणीची कात्री तशीच.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी फोन करून हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केलीय. शनिवारी आत्याला मिरजेला दाखवायचंय, काका गाडी घेऊन येतायत.