आमच्या पाकिटावर ‘कोल्हापुरी’ का नाही: गुऱ्हाळाकडून उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘पुण्यात दुकानदाराने कोल्हापुरी गूळ म्हणून दिला, घरी बघते तर पाकिटावर निपाणी. वर रंग काळपट. फसवणूक!’

राग रास्त आहे, पण तो त्या दुकानदारावर काढा. ‘निपाणी’ आम्हीच छापतो, तेही ठळक.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. नाव त्या भागातल्या गुळापुरतं राखीव झालं, आणि आमचं गुऱ्हाळ पडलं कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात. उसाचा वाण तोच 92005, गुळव्या (गूळ रांधणारा कारागीर) कागल तालुक्यातला, काहिलीतली (रस उकळायच्या मोठ्या कढईतली) मळी काढायला भेंडीचं पाणी तेच. पूर्वी आमच्याकडचा रवा (गुळाची ढेप) कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरला की कोल्हापुरी होऊनच गुजरातला जायचा, कुणी विचारायचं नाही. आता खोटं नाव लावलं तर 1999 च्या जीआय कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, दंड वेगळा. (सीमेबद्दल बोलायला लागलो तर इथे जागा पुरायची नाही.)

कायदा नसता तरी लावलं नसतं. करवीर-पन्हाळ्याच्या शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात ते त्या नावावर. बाहेरचा माल तेच नाव घेऊन यार्डात शिरला की आधी त्या शेतकऱ्याचाच भाव पडतो. आमची सोयरीक तिकडेच आहे, रोज तोंड दाखवायचं असतं.

रंगाचं म्हणाल, तर आम्ही हायड्रॉस (रंग उजळवायची रासायनिक पावडर) घालत नाही. ते घातलं की रवा पिवळाधमक दिसतो, पण ठेवला की काळवंडत जातो. नुसत्या भेंडीवर काढलेला गूळ तांबूसच येतो. रवा फोडून बघा, आतून कणीदार असेल.

खरा कोल्हापुरी हवा असेल तर पाकिटावर जीआयचं चिन्ह आणि उत्पादकाचा पत्ता, दोन्ही बघा. तिकडच्या गुऱ्हाळवाल्यालाही त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

दुकानाच्या बिलावर ‘कोल्हापुरी’ लिहिलं असेल तर फोटो पाठवा, त्याचा माल आजच बंद करतो. गूळ परत करायचा असला तर कुरिअरचा खर्च आमच्याकडे, पैसे पूर्ण परत. ठेवून घेतलात तर ओला चमचा लावू नका, लगेच पाझरतो.