पोत्यातलं सोयाबीन आणि ग्रुपवरचं सोयाबीन

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. "ताई, पोराच्या सोयाबीनच्या वड्या बंद केल्या बघा." पोरगा म्हणजे माझा भाचा. वय 19, लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून 1600 मीटर पळतो, मग गोळाफेक. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. त्याला प्रथिनं मिळायची ती डाळीतून, दुधातून आणि रोजच्या मूठभर वड्यांतून. त्या आता बंद, कारण भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला.

मेसेज मी मागवून घेतला. म्हणणं असं: सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं, त्याने मुलांची छाती वाढते आणि 'पुरुषत्व' जातं. बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो. थायरॉइड बिघडतो. सगळं सोयाबीन जीएम (जनुकं बदललेलं) आहे. परदेशात ते जनावरांना घालतात. वड्या पेट्रोलमध्ये धुतलेल्या असतात. शेवटी हात जोडलेले आणि 'शेअर करा, कुणाचा तरी मुलगा वाचेल'.

हे ज्या घरात वाचलं गेलं, त्याच घरात मागच्या खोलीत केडीएस 726 वाणाच्या सोयाबीनची पोती आढ्यापर्यंत रचलेली आहेत. भाव येईल म्हणून दादाने ठेवलीत. (हमीभावाबद्दल असा कळकळीचा मेसेज कुणी पाठवत नाही.) आमच्याकडे सोयाबीन पेरतात, मळतात, मोंढ्यावर नेतात, आडत्याकडे ओलाव्यावरून भांडतात. खात मात्र फारसे नाहीत. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगावं आणि आम्ही मान डोलवावी.

आता ते 'बायकांचं हार्मोन'. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात. त्यांची ठेवण इस्ट्रोजेनशी, म्हणजे बायकांच्या खऱ्या हार्मोनशी, थोडी जुळते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना फायटोइस्ट्रोजेन म्हटलं, म्हणजे वनस्पतीतलं. तेवढ्यावरून सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन आहे म्हणणं म्हणजे सूर्यफुलात सूर्य आहे म्हणणं. ही द्रव्यं शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळी असतात आणि सगळीकडे त्याच्यासारखं कामही करत नाहीत. शिवाय फायटोइस्ट्रोजेनच्याच गोतावळ्यातली लिग्नन नावाची द्रव्यं जवसात भरपूर असतात, तिळातही असतात. दादाचं एक जेवण जवसाच्या चटणीशिवाय होत नाही. मेसेजचा हिशोब खरा असता, तर अख्ख्या मराठवाड्यात एकाला दाढी फुटली नसती.

बरं, हे नुसतं तर्काचं नाही, मोजलेलं आहे. 2021 मध्ये 'रिप्रॉडक्टिव्ह टॉक्सिकॉलॉजी' या नियतकालिकात 41 चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला. पुरुषांना सोया प्रथिन किंवा आयसोफ्लेवोन देऊन हार्मोन तपासलेल्या या चाचण्या. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, मोजणी दीड हजारांहून जास्त पुरुषांची. ना टेस्टोस्टेरॉन घटलं, ना इस्ट्रोजेन वाढलं. मात्रा कमी असो वा जास्त, दिवस थोडे असोत वा बरेच, निष्कर्ष तोच. त्यातल्या एका लेखकाचे सोया उद्योगाशी संबंध आहेत, हे मीच सांगून टाकते, म्हणजे कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको. पण ज्या चाचण्या त्यांनी जमवल्या त्या वेगवेगळ्या लोकांच्या आहेत आणि हिशोब छापील आहे, कुणीही पुन्हा मांडावा. मेसेजवाल्याने काय मोजलं होतं?

मग छाती वाढल्याची गोष्ट आली कुठून? तेही सांगते, कारण ती पूर्ण खोटी नाही. 2008 साली अमेरिकेतल्या एका 60 वर्षांच्या गृहस्थांची केस डॉक्टरांनी छापली. त्यांची छाती खरंच वाढली होती, इस्ट्रोजेनही वाढलं होतं. हे गृहस्थ दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे पावणेतीन लिटरच्या वर सोया दूध पीत होते. रोज! एवढा तर आमच्या गावच्या पारावर बसणाऱ्यांना चहाही जात नाही. दूध बंद केल्यावर त्यांचा त्रास गेला. एवढी एक केस, तिला मेसेजमध्ये पंख फुटले आणि ती माझ्या भाच्याच्या ताटात येऊन बसली.

त्या ताटातून गेलं काय ते बघा. कोरड्या वड्यांत वजनाच्या जवळजवळ निम्मं प्रथिन असतं. 30 ग्रॅम वड्या, म्हणजे साधारण 15 ग्रॅम प्रथिन, दोन अंड्यांपेक्षा जास्त. तेही सगळी आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) असलेलं, जे शाकाहारी घरात दूध सोडलं तर एका जिन्नसातून क्वचितच मिळतं. अंडं न खाणाऱ्या, मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराचं हे काढून घ्यायचं आणि वर 'मुलगा वाचेल' म्हणायचं.

बाकीचं पटकन. कॅन्सर: शांघायमध्ये स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या 5,042 बायकांचा पाठपुरावा केला, 2009 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जास्त सोया खाणाऱ्यांत मृत्यू आणि कॅन्सर परत येण्याचं प्रमाण उलट कमी दिसलं. ही जेवणातल्या सोयाची गोष्ट, आयसोफ्लेवोनच्या गोळ्यांची नाही. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं, ग्रुपला नाही.

जीएम: भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही. दादाचं बियाणं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे. 2021 मध्ये सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला मुभा दिली, ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी. हो, जनावरांना घालतात, इथेही घालतात. मेसेज पाठवणारे काका दर रविवारी जी कोंबडी खातात, तीही सोयापेंडीवरच वाढते.

पेट्रोल: वड्या तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या असतात. ते तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावक वापरतात हे खरं, आणि ते पेट्रोलियमपासूनच बनतं. नंतर उष्णतेने ते उडवून लावतात. पण मग ज्या रिफाइंड तेलात वहिनी भजी तळतात, तेही बहुतेक याच वाटेने आलेलं असतं. त्याबद्दल चकार शब्द नाही.

थायरॉइडच्या बाबतीत थोडं मान्य करावं लागेल, मनात नसताना. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या निरोगी माणसाचा थायरॉइड सोयाने बिघडत नाही. पण थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया ती नीट शोषू देत नाही. आमच्या आईची गोळी चालू आहे. ती पहाटे उपाशीपोटी घेते आणि वडीची भाजी दुपारी खाते, प्रश्न मिटला. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही थायरॉइडची गोळी अशीच अडवतात. आणखी एक: कच्चं सोयाबीन खाऊ नये, त्यातलं एक द्रव्य प्रथिनाचं पचन अडवतं. उकळलं की ते निकामी होतं. म्हणूनच 9 किलो गव्हात 1 किलो सोयाबीन घालून दळायचं असेल तर आधी ते उकळून, वाळवून घ्यायचं. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लांबच राहावं. झालं.

हे सगळं मी वहिनींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण ताई, आता वड्यांची गरजच नाही. अकॅडमीच्या सरांनी पावडरीचा डबा दिलाय. लई ताकदीचा आहे म्हणे."

म्हटलं, डब्याच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जरा वाचा. भाच्याला हाक मारली, त्याने इंग्रजी वाचून दाखवलं. पहिलंच नाव: सोया प्रोटीन आयसोलेट.

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यांना नका सांगू. चौदाशेचा आहे."